उभा लावलेला दगड

४ मार्च, सोमवार

सकाळपासून ईशान्येचा वारा. वाचनालयाची पुस्तकं परत केली, त्यातली दोन गिब्बीच्या नावावरची होती. मासळीची गाडी आली तेव्हा एक हॅडॉक घेतला. दुपारी कपडे धुतले. गिब्बीला जाऊन आज तीन आठवडे झाले.

संध्याकाळी पाद्री कॅलम येऊन गेले. बंदरावरचा दगड पुन्हा सुटला म्हणाले. जानेवारीत आत मुरलेलं पाणी गोठून फुगलं असणार. परवा ऊन पडलं आणि ताटाएवढा पापुद्रा खाली आला. त्याच्याबरोबर आणखी एक नाव गेलं. ‘फेअर मॉर्न’वरच्या सात माणसांपैकी आता तिघांचीच नावं उरली.

ती बोट १९७७ च्या नोव्हेंबरात बुडाली. एकही माणूस सापडला नाही. पुढच्या वर्षी गावाने त्यांच्या आठवणीचा दगड उभा केला आणि तो गिब्बीने घडवला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आमचं लग्न व्हायचं होतं.

१४ तारखेला त्या दगडासाठी गावाची सभा आहे. कॅलम म्हणाले, “आलात तर बरंच, एल्स्पेथ. पण नाही आलात तरी कुणी काही म्हणणार नाही.” म्हणजे न आलेलंच बरं!

५ मार्च

हॅडॉक आज संपला. एका माणसाला मोठा होतो.

९ मार्च, शनिवार

डॉड आला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, तरी काठी नाही. खाणीत तीस वर्षं गिब्बीच्या शेजारच्या ठिय्यावर दगड घडवत बसायचा. कागदात गुंडाळून चार बटरी रोल आणले होते. त्यातले तीन त्यानेच खाल्ले.

“गिब्बी गेला आणि मला शिव्या द्यायला कुणी उरलं नाही बघ,” म्हणाला. “बायकोला सांगितलं, तू दे. पण तिला ऐकू येत नाही, म्हणून ती मी काही बोलायच्या आधीच देते. त्यात मजा नाही.”

मी हसले. तो गेल्यापासून पहिल्यांदा असेल.

मग बंदरावरच्या दगडाचा विषय निघाला. निघणारच होता. डॉड म्हणाला, “तुला म्हणून सांगतो एल्सी, त्याच्या हातचं दुसरं एक काम चुकलेलं दाखव. एल्गिन शहरापर्यंत जा, प्रत्येक चर्चची भिंत बघ. आणि हे एक! शिकाऊ पोरसुद्धा करणार नाही असं. वाळूचा दगड म्हणजे वह्यांचा गठ्ठा. जमिनीत आडवा निजला होता, तर भिंतीतही थर आडवेच राहिले पाहिजेत. थर उभे करून तोंड समुद्राकडे केलं की पान पान सुटणारच. पंचवीस-तीस वर्षं विचारलं त्याला, गिब्बी, अरे त्या दिवशी काय पिऊन बसला होतास? नुसता हसायचा.”

मला हे सगळं माहीत आहे. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तरी डॉडने सांगितलं ते ऐकून घेतलं. त्याला सांगायचं होतं.

१४ मार्च, गुरुवार

गेले सभेला. मागच्या बाकावर बसले.

एल्गिनहून दगडकाम करणारी एक मुलगी आली होती, मॉर्वेन. तिशीची असेल. हाताची बोटं गिब्बीसारखीच, टोकाला चपटी. तिने फोटो दाखवले आणि सरळ सांगितलं: थर तोंडाकडे आहेत. आता वरून मलम लावण्यात अर्थ नाही. उभा राहिला तर दहा वर्षांत उरलेली नावंही जातील. नवा दगड करावा लागेल.

“ग्रॅनाइट घ्या,” हार्बरमास्तर म्हणाला. “काळा, पॉलिश केलेला. त्याला काही होत नाही.”

“सगळ्यांना होतं,” मॉर्वेन म्हणाली. “त्याला उशिरा होतं एवढंच.”

बरोबर बोलली. मुलांना हेच सांगायचे. ग्रॅनाइट खोल जमिनीत वितळलेल्या दगडातून सावकाश थिजतो, म्हणून त्याचे दाणे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. आपला दगड तसा नाही. तो वाळवंट होता. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र नव्हता, वाऱ्याने रचलेल्या टेकड्या होत्या. वाऱ्याने एक थर आणायचा, त्यावर दुसरा. मग दाबला गेला, पाण्यात विरघळलेल्या गारगोटीने कण कण चिकटला. पण थर विसरला नाही.

मग नॅन मेन उठली. सत्तरीची आहे आता. मी तिच्याकडे सरळ बघितलं त्याला किती वर्षं झाली! तिचा धाकटा भाऊ सिमी त्या बोटीवर होता. तेवीस वर्षांचा.

“नव्या दगडाशेजारी पाटी लावणार आहात ना? मग तिच्यावर लिहा. पहिला दगड पाथरवटाच्या चुकीने गेला. नाव घालून लिहा. माझ्या भावाचं नाव पुसलं, त्याचं तरी राहू दे.”

कॅलमनी घसा साफ केला. “गिल्बर्टला जाऊन महिनाच झालाय, नॅन.”

“सिमीला एकेचाळीस वर्षं झाली.”

पाटीचा मजकूर ११ एप्रिलच्या सभेत ठरणार. मी कोट घालून घरी आले. तिला खोटं म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

१५ मार्च

१९९१ चं लिहून ठेवते. कधी लिहिलं नव्हतं.

सिमीचं नाव सगळ्यात आधी पडलं, त्या वर्षीच्या थंडीत. नॅन एप्रनच्या ओच्यात तुकडे घेऊन आमच्या दाराशी आली. वाटेत ते कुस्करले गेले होते, निम्मी वाळूच झाली होती. तिने ती गिब्बीच्या पायाशी ओतली. “घे. हा माझा भाऊ.”

गिब्बी म्हणाला, “चूक झाली, नॅन.” एवढंच. ती गेली आणि त्यानंतर आमच्याशी कधी बोलली नाही. मी झाडू आणला तर तो म्हणाला, “राहू दे. वारा नेईल.” दोन दिवस आम्ही त्या पायरीवर पाय न देता ये-जा केली.

त्या वेळी मलाही त्याचाच राग आला होता. एकदा जेवताना बोलून गेले — एवढं एकच काम होतं जिथे लक्ष द्यायला हवं होतं! त्याने मीठ पुढे सरकवायला सांगितलं.

१९ मार्च

पाऊस. बाहेर पडले नाही.

२२ मार्च, शुक्रवार

आज त्याची शेड आवरायला घेतली. छिन्न्या मॉर्वेनला द्याव्यात असं मनात होतं. त्या तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या, रुंदीप्रमाणे. खालच्या खणात त्याच्या कामाच्या वह्या होत्या, वर्षावार. त्यात मापं, चिऱ्याचा नंबर, किती तास लागले. गिब्बी कधी जास्त लिहायचा नाही. पत्रातसुद्धा हवामान लिहायचा.

१९७८ ची वही काढली. का काढली माहीत नाही. पाटीवर नाव येणार म्हणून असेल.

जशाच्या तशा ओळी उतरवते.

‘चिरा २१४. बंदराचा दगड. खुणेप्रमाणे कापला.

‘पाच नावं झाली. सहाव्याला पापुद्रा उठला. थर तोंडाकडे आहे. चिऱ्यावरची खूण चुकीची.

‘खूण ए. ची. कुणाला बोललो नाही. सातही केली.’

ए. म्हणजे मी.

२३ मार्च

काही केलं नाही. खिडकीत बसले.

२५ मार्च, सोमवार

मला तो दिवस आठवतो. आठवणार नाही अशी आशा होती.

बाबा खाणीत मुकादम होते. शाळा संपली होती आणि कॉलेज ऑक्टोबरात सुरू होणार होतं, म्हणून त्या उन्हाळ्यात मी खाणीच्या खोपटात नंबर लिहायचं काम करत होते. खूण करणारा माणूस पंधरा दिवस आजारी पडला तेव्हा बाबांनी ब्रश माझ्या हातात दिला. काम अगदी सोपं. चिरा कड्यातून सुटा होताना समोर उभं राहायचं आणि वरची बाजू कुठली ते बघून लगेच पिवळ्या रंगाने बाण काढायचा. लगेच, कारण आपला दगड इतका एकजीव आहे की एकदा सुटा झाला की वर-खाली सांगता येत नाही. पुढे पाथरवट फक्त बाणावर विश्वास ठेवतो.

त्या दिवशी पाऊस होता. मी खोपटात चहा पीत कॉलेजचं पत्र वाचत बसले. बाहेर आले तोवर क्रेनने चिरा उतरवून ठेवला होता. तो एका कुशीवर आडवा झाला होता, हे मला कुठून कळणार! जसा दिसला तसा बाण काढला.

बाबांनी विचारलं, “निघताना बघितलास ना?”

मी म्हटलं, “हो.”

त्या एका ‘हो’वर सात नावं कोरली गेली.

मग शाळेत तीस वर्षं फळ्यावर काय केलं मी? थर काढले. रंगीत खडूंनी. शेजारी बाण काढून मुलांना विचारायचे, “वर कुठली बाजू, सांगा बरं?”

२६ मार्च

राग येतो. त्याच्यावर.

त्याला सहाव्या नावालाच कळलं होतं. तेव्हा थांबता आलं असतं. नवा चिरा निघाला असता, माझी नोकरी गेली असती, बाबांची मान खाली गेली असती, बस्स. मी कॉलेजला गेलेच असते. पण तो थांबला नाही. सातही केली! माझ्यासाठी? तोपर्यंत आम्ही दोन वेळा नाचाच्या कार्यक्रमाला बरोबर गेलो होतो, इतकीच ओळख. की पाच नावांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून? की अनावरणाची तारीख ठरली होती म्हणून?

विचारायला माणूस नाही.

आणि तसंच असेल, माझ्यासाठीच असेल, तर त्याने ते सिमी मेन आणि बाकीच्या सहांच्या जिवावर केलं. त्यांना दुसरी कबर नव्हती. हे चांगलं कसं म्हणू?

३० मार्च, शनिवार

खाणीपर्यंत चालत गेले. आता तिथे पाणी साचलंय. वरचा कडा तसाच आहे, तिरप्या रेघा, जुन्या टेकड्यांच्या उतारासारख्या. हात लावला की कण सुटतात. गिब्बी म्हणायचा, हा दगड सतत परत वाळू होत असतो, आपण मध्येच त्याला धरतो.

परत येताना डॉडकडे गेले. वही दाखवली. त्याने चष्मा शोधला, मग बायकोचा चष्मा लावला आणि तीन वेळा वाचलं.

“सहाव्याला?” म्हणाला. “मला तर तिसऱ्यालाच कळलं असतं.”

बायको आतून ओरडली, “कोण आलंय?” तो ओरडला, “कुणी नाही!” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “शेगडी पेटलीय. टाक त्यात ती वही.”

“आणि पाटीवर त्याचं नाव?”

“त्याला चालत होतं ना, पोरी. चाळीस वर्षं चालवलं. त्याने तुझ्यासाठी एक गोष्ट झाकली, ती तू उघडी करणार? मेलेल्या माणसाचा असा अपमान करू नये.”

वही पिशवीत घालून आणली. जाळावी असं वाटलं नाही असं नाही.

३ एप्रिल

मॉर्वेनला छिन्न्या दिल्या. तिने विचारलं, गिब्बीच्या कबरीला कुठला दगड? मी म्हटलं, माती अजून बसायची आहे. शरदात बघू.

खरं म्हणजे मला सुचत नाही. रोज एक ठरवते. स्लेट चांगली, अक्षर धारदार राहतं. चिखलावर इतका दाब आणि उष्णता आली की त्याचे जुने थर मोडले, नवेच पदर आले — म्हणून ती इतकी पातळ चिरते. पण ती इथली नाही. त्याला परका दगड आवडायचा नाही.

१० एप्रिल

उद्या सभा.

डॉडचं म्हणणं दिवसभर डोक्यात होतं. गिब्बीला चालत होतं. पण नॅनला कुणी विचारलं? तिने अठ्ठावीस वर्षं चुकीच्या माणसावर राग धरला. तो राग तरी खऱ्या पत्त्यावर जाऊ दे.

११ एप्रिल, गुरुवार

बोलले.

कॅलम पाटीचा मजकूर वाचत होते. ‘पाथरवटाच्या चुकीमुळे’ इथवर आले आणि मी उभी राहिले. म्हटलं, चिऱ्यावरची खूण मी केली होती. चिरा निघताना मी बघितला नव्हता आणि बघितला असं सांगितलं. गिब्बीला अर्ध्यात कळलं. त्याने मला सांभाळलं आणि दगड तसाच लावला. हे त्याने बरं केलं नाही. पण चूक माझी होती आणि दोष त्याने स्वतःवर घेतला. पाटीवर नाव घालायचं तर माझं घाला. एल्स्पेथ राल्फ. माहेरची कॉर्मॅक.

वही टेबलावर ठेवली. ती कुणी उघडली नाही.

डॉड पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता. हार्बरमास्तर म्हणाला, “एकोणीस वर्षांची पोर होतीस तू.” मी म्हटलं, “सिमी तेवीसचा होता.”

नॅन उठली. मला वाटलं आता ऐकवेल. तिने हातमोजे घातले, एक बोट नीट बसेना ते पुन्हा काढून घातलं, आणि निघून गेली.

त्यानंतर कामाचं बोलणं झालं. नवा दगड आपल्याच खाणीचा, जुन्या साठ्यातला, मॉर्वेन घडवणार, सातही नावं. पाटी नाहीच लावायची असं ठरलं. मग जुन्या दगडाचं काय, कुणीतरी विचारलं. फोडून रस्त्याखाली भरायचा?

“फोडू नका,” मॉर्वेन म्हणाली. “दगड वाईट नाही. उभा केला म्हणून मोडतोय. आडवा निजवला तर थर जसे होते तसे होतील. पाणी साचू नये म्हणून थोडा उतार दिला की झालं. आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील.”

पण ठेवायचा कुठे, ते ठरलं नाही. बंदरावर गाड्या फिरतात.

१३ एप्रिल

मासळीच्या गाडीपाशी रांग होती. मी गेल्यावर बोलणं थांबलं. मग पुढच्या बाईने विचारलं, “हॅडॉकच ना तुझा?” आणि माझ्यासाठी लहानसा निवडून दिला.

१६ एप्रिल

डॉड आला नाही. शनिवारीही आला नव्हता.

२० एप्रिल, शनिवार

डॉड आला! रोल आणले नव्हते. दारातच म्हणाला, “मी चुकीचं सांगितलं असं म्हणायला आलेलो नाही. चहा आहे का?”

चहा झाला. जाताना म्हणाला, “मी त्याला पंचवीस-तीस वर्षं त्या दगडावरून चिडवलं, एल्सी. एका शब्दाने तरी सांगायला हवं होतं त्याने मला. हलकट.” आणि रुमाल काढून नाक शिंकरलं.

२७ एप्रिल, शनिवार

नॅन मेन आली. अकराच्या सुमाराला. आत ये म्हटलं, आली नाही. १९९१ ला उभी होती तिथेच उभी राहिली.

“त्या दगडाला जागा मिळत नाही म्हणतात.”

“नाही मिळाली अजून.”

“गिब्बीच्या कबरीवर घाला.”

मी दार आणखी उघडलं. तिने ते बघितलं.

“माफ केलं असं समजू नकोस, मास्तरीणबाई. तुला नाही आणि त्यालाही नाही. त्याने उभा केला, त्यानेच अंगावर घ्यावा.” मग समुद्राकडे बघत म्हणाली, “सिमीचं नाव त्यावर उरलं नाही. पण जागा माहीत आहे मला, वरून दुसरी. इतकी वर्षं त्या नावाखाली कुणीच नव्हतं, एल्स्पेथ. पाणी होतं नुसतं. आता कुणीतरी असेल. मला फुलं ठेवायला येता येईल.”

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात होते. मग आत येऊन मॉर्वेनला चार ओळींचं पत्र लिहिलं, जुना दगड कुठे निजवायचा ते. तिकीट सापडेना, ते चाकूंच्या खणात निघालं. बटाटे सोलून चुलीवर ठेवले.